गोळ्या

डॉ. रेजिस व्हायोलेट गेले त्या आठवड्यात
नदीवरचा बर्फ फुटत होता.
पलीकडे कॅनडा, अलीकडे आम्ही,
मधे रात्रभर कडाकड.
हा आवाज त्यांना चालायचा.
म्हणायचे, हा कुणी कुणावर सोडलेला नाही.

क्लिनिकची गाडी मी चालवली, सतरा वर्षं.
त्याआधी दोन वर्षं त्याच गाडीत मागे बसायचो,
काचेला कपाळ टेकून.
औषधांच्या दुकानात मी मागच्या दाराने शिरू बघायचो,
ते दंडाला धरून पुढच्या दाराने न्यायचे
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं
माझ्या बापाच्या ट्रॅक्टरचं विचारायचे.

दवाखाना म्हणाल तर
सोमवारी अग्निशमन केंद्राची माडी,
बुधवारी लाँड्रोमॅट,
जिथे कपडे फिरत असताना माणसं
एकमेकांकडे न बघता बोलतात.
सप्टेंबरात शाळा बंद, सगळं खोरं बटाट्यांत वाकलेलं,
तेव्हा तेही वाकायचे, पिंपाच्या त्या बाजूने,
आणि डेलिन वेलेटला विचारायचे,
झोप लागते का गं?
ती म्हणायची, तुम्हाला लागते?
आधी तुझं पिंप भरू दे, म्हणायचे.

खुर्च्या मात्र ठरलेल्या.
दाराजवळची आमची, वाट मोकळी हवी म्हणून.
ते भिंतीला पाठ लावून.
मला वाटायचं, डॉक्टर लोक असेच बसत असतील.

एकदाच बोलले.
गाडी बर्फात रुतलेली, हीटर बंद,
दोघांत एक घोंगडी.
व्हिएतनाम. वय एकोणीस. खांद्यावर मलमपट्टीची पिशवी.
पोरं आईला हाका मारायची.
त्यातली दोघं हाका मारत होती
आपल्या खोऱ्यातल्या फ्रेंचमध्ये,
म्हणून त्यांच्याकडे मला पाठवलं.
मग बराच वेळ काचेवरची वाफ पुसत राहिले.
"तिथे गोळ्या काढायचो, इथे देतो.
हात दोन्हीकडे धरून ठेवावा लागतो,
गोळीचं काय ते नंतर."
तेवढ्यात ओढगाडी आली.
उतरून त्या माणसाला विचारलं,
बायको आली का रे परत?

चार जुलैला गाव फटाके उडवतं.
त्या रात्री डॉक्टर घरी नसत.
मला शोधायला पाठवलं तेव्हा सापडले
ल्युजर सीरच्या बटाट्याच्या कोठारात.
अर्धं जमिनीत, मातीच्या भिंती, जुलैत रिकामं,
गेल्या वर्षीच्या कोंबांचा वास.
ल्युजरच्या डोक्यात आवाज येतात,
ते सगळ्यात कमी कुठे येतात हे त्याला पक्कं ठाऊक.
पालथ्या पिंपावर पत्ते, एक कंदील,
ल्युजर, डेलिन, डॉक्टर. चौथा मी झालो.
वर धाड झाली की छतातून
चिमूटभर माती पत्त्यांवर पडायची.
डेलिन बाहीने पुसायची, म्हणायची,
डाव तुमचा, डॉक्टर.
कसं वाटतंय, असं कुणीच विचारलं नाही.
नऊ वर्षं हे असंच.

मृत्युपत्रात लिहिलं होतं, बंदुका नकोत.
माजी सैनिकांच्या क्लबातले म्हातारे रागावले,
सलामी म्हणजे सलामी, तीन फैरी.
ओडिलने बापाचा कागद पुढे धरला.
अखेर बंदुका वर गेल्या, रिकाम्या.
टक.
टक.
टक.
लाँड्रोमॅटच्या यंत्रात कुणी नाणी टाकावीत तसं.
मागे ल्युजर हसला, जरा मोठ्यानेच.
पाद्रीबाबांनी मान वर केली नाही.

आता सोमवारी पडद्यावर एक तरुण डॉक्टरीण येते.
चांगली आहे. ऐकते.
मी भिंतीला पाठ लावून बसतो
हे तिला दिसत असेल की नाही, ठाऊक नाही.

चार जुलै आठ दिवसांवर आलाय.
किल्ली ल्युजरकडेच आहे, पत्ते माझ्याकडे.
एक पत्ता कमी भरतोय, चौकटची सत्ती.
त्यांच्या कोटाच्या खिशात असेल.
ओडिलला विचारायचं रोज राहून जातं.